उद्घाटनाची चढाई

ज्यांचा पाय आत्ता दोन उशांवर ठेवलेला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण गुडघ्याच्या दुखण्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. ताप नाही, खोकला नाही, चेहरा उतरलेला नाही. भेटायला आलेला माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग पट्टीकडे, आणि निघताना आईला सांगतो, "बाकी तब्येत चांगली हाय पोरीची." बाकी म्हणजे गुडघा सोडून. मी कबड्डी खेळते. माझ्यात गुडघा सोडून उरलेलं काही आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून जवळ. बाबा मराठी शाळेत शिक्षक, त्यामुळे घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. मी एका सरकारी खात्याच्या महिला संघात आहे. खेळण्यासाठीच मला नोकरीवर घेतलं. हैदराबादच्या कचेरीत माझ्या नावाचं एक टेबल आहे म्हणतात. मी ते फारसं पाहिलेलं नाही. खेळाडूचं खेळणं थांबलं की तिला त्या टेबलाशी नेऊन बसवतात. तिथून उठून पुन्हा मैदानावर आलेली कोणी माझ्या माहितीत नाही.

माझा उजवा गुडघा दोनदा मोडला. पहिल्यांदा खेळात आणि दुसऱ्यांदा सत्कारात.

कोणीच धरलं नव्हतं

पहिल्या वेळी मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. बाहेरगावची स्पर्धा, मॅटवरचा सामना, माझी नेहमीची चढाई. एका कोपऱ्याला हूल द्यायची आणि उजव्या पायावर गर्रकन वळून परत फिरायचं. हे मी हजारो वेळा केलेलं आहे. त्या दिवशी मी वळले आणि गुडघा वळला नाही. कापसाचा हंगाम संपल्यावर शेतातली पऱ्हाटी उपटताना मुळं तुटल्याचा जो आवाज येतो, तो माझ्या पायातून आला.

पुढचं नीट वाचा, कारण इथेच बहुतेकजणी फसतात. थोड्या वेळानं दुखणं कमी झालं. मी उठले, चालले, मैदानाबाहेर चालत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी थंड फवारा मारला, कोणीतरी "मुका मार आहे" म्हणालं, आणि मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. सकाळपर्यंत गुडघा पपईएवढा झाला होता. चालता येतं याचा अर्थ काही तुटलं नाही असा होत नाही.

हैदराबादच्या डॉक्टरांनी मला झोपवलं, गुडघा वाकवला आणि पिंढरी दोन्ही हातांनी पुढे ओढली. ती टेबलाच्या खणासारखी पुढे आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आमच्या संघाच्या मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रशिक्षक, तेलुगू बोलणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. दोघांमध्ये नजरेनं जे झालं ते मला कोणत्याही भाषेत समजलं असतं.

"आत एक दोरी असते," डॉक्टर म्हणाले. "वळताना पाय जागेवर धरून ठेवते. तुमची तुटली आहे. मांडीतून एक स्नायुबंध काढून नवीन बसवू."

"खेळता येईल?"

"चालता तर नक्की येईल."

मी चालण्याची नोकरी करत नव्हते. पण हे बोलायची ती जागा नव्हती.

आई गावाहून आली. तिला सगळ्यात आधी गुन्हेगाराचं नाव हवं होतं.

"कोनं धरला होता पाय तुहा?"

"कोणीच नाही."

"मंग असा कसा तुटते? बिना धरल्याचा?"

समोरच्या संघातली कोणी असती तर तिच्यावर राग काढता आला असता. इथे ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला होता तोच उलटला होता, आणि तो माझ्याच अंगाला चिकटलेला होता. त्याला घेऊनच झोपायचं, त्याला घेऊनच न्हाणीत जायचं.

दवाखाना

दवाखान्यातली सकाळ नर्सच्या प्रश्नानं सुरू होते. "एम्मा, नोप्पी उंदा?" म्हणजे दुखतंय का. आईला बाजारापुरती तेलुगू येते. मी तोंड उघडायच्या आत ती सांगायची, "चाला उंदी", खूप दुखतं. नर्स गेल्यावर मी विचारलं, "तुला काय माहीत?" आई म्हणाली, "कमी सांगतलं तं घरी पाठोते. दवाखान्यात थोडं वाढवून सांगा लागते."

ऑपरेशनच्या भीतीबद्दल खूप लोक लिहितात. मला ऑपरेशनची भीती वाटली नाही; तिथे आपल्याला काही करायचं नसतं. भीती नंतरची. पट्टी काढली आणि माझी उजवी मांडी मला ओळखू आली नाही. इतक्या वर्षांच्या बैठका, इतकं धावणं, आणि ती चादरीखाली काही आठवड्यांत वितळून गेली होती. मी मनात आज्ञा दिली, उचल. पाय उचलला गेला नाही. दुखत होतं म्हणून नव्हे. आज्ञा कोणापर्यंत पोचलीच नाही.

व्यायाम करून घेणारा मुलगा हिंदीत बोलायचा. मी डोळे मिटून गुडघा वाकवायचे. तो म्हणायचा, "मॅडम, आँख खोल के मोड़ो. देखोगे नहीं तो अपना लगेगा कैसे?" हे एक वाक्य घेऊन जा. डोळे उघडे ठेवा. बघवत नाही, तरी बघा.

उपकार म्हणावेत असे क्षण छोटे असतात आणि त्यांचे फोटो निघत नाहीत. आईनं पलंगावरच मला आडवं करून, डोकं बाहेर काढून, बादलीत केस धुतले तो एक. पहिल्यांदा कुबड्यांशिवाय संडासात जाऊन आले तो दुसरा. त्या दिवशी मला जे वाटलं ते पदक घेताना वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र आई-बाबांची जुंपली. आईचं म्हणणं, आता पुरे. "सरकारची नोकरी हाय नं? टेबलावर बस म्हनते तं बस. टेबलाचे गुडघे तं मोडत नाई."

बाबा म्हणाले, "ती टेबलासाठी गेली होती का तिथं?"

"तुमी पुस्तकं वाचा. पोरीचं लग्न मले करा लागते."

"माझ्या लग्नाला गुडघा कशाला लागतो?" मी विचारलं.

"बसाले लागते. उठाले लागते. येणारे इचारतेत."

बाबांनी चष्मा काढून पुसला. वाद हरत आले की ते चष्मा पुसतात. मग कपाटातून एक जाडजूड रशियन कादंबरीचं भाषांतर काढून त्यांनी माझ्या उशाशी ठेवलं. "हे वाच. यात सगळेच पडून आहेत." बाबांचं सांत्वन या प्रकारचं असतं. खरं सांगायचं तर उपयोग झाला.

शाल, नारळ, सोफा

सात-आठ महिन्यांनी मी सरळ रेषेत धावू लागले. डॉक्टर खूश होते. वळायचं नाही, उडी नाही, कोणी अंगाला हात लावायचा नाही, एवढंच पथ्य उरलं होतं. आणखी थोडे महिने, मग संघाचं शिबिर.

याच सुमारास आमचे सर घरी आले. सर म्हणजे शाळेचे पीटीचे सर. त्यांनीच मला आणि सुरेखाला कबड्डी शिकवली. सुरेखा माझ्या वर्गातली, शेतकऱ्याच्या घरची. मी चढाई करायची, ती डाव्या कोपऱ्यात. सरावात रोज माझा पाय आणि तिचा हात. घोट्याची तिची पकड जिल्ह्यात प्रसिद्ध होती. एकदा बोटं बसली की घोरपड बरी. निवडीच्या वर्षी तिच्या घरी वडील आजारी होते, वेचणी तोंडावर होती, आणि ती हैदराबादला आली नाही. मी आले. ती गावच्या संघात खेळत राहिली. मी सुट्टीत घरी गेले की ती विचारायची, "काय वं पोर्णे, सरकारी भात खाऊन वजन वाढलं का?" माझं नाव पौर्णिमा. पोर्णी म्हणणारी ती एकटी.

सर म्हणाले, "तुहा सत्कार ठेवला शाळेत. कबड्डीच्या स्पर्धेचं उद्घाटन तुह्याच हातून. तुमच्या मॅडमलेबी बलावलं, त्या हाव म्हणल्या."

"सर, मी अजून खेळले नाही. सत्कार कशाचा?"

"असं इचारत नसतेत. गावाची इज्जत हाय."

सत्काराच्या दिवशी शाळेच्या फाटकावर माझा फलक होता. त्यावर मी सगळ्यात लहान होते; वर गावातले आणि तालुक्यातले नेते, त्यांच्या वर त्यांचे नेते. ज्या गावात माझ्या आजोबांना कोणी ओट्यावर बस म्हणालं नव्हतं, तिथे मला सोफा दिला. सोफा कोणाच्या तरी घरून आणला होता आणि त्यावरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. भाषणं झाली. एका वक्त्यानं माझ्या जखमेचा उल्लेख 'देशासाठी सांडलेलं रक्त' असा केला. रक्त सांडलं नव्हतं. सरांनी सगळ्यात लांब भाषण केलं. "ही आमची लेक. हिनं जे करून ठेवलं ते कोनी पुसू शकत नाई." मला तेव्हा 'करून ठेवलं' हे शब्द खटकायला हवे होते. शाल अंगावर होती, ऊन होतं, मी घामात भिजले होते.

आमच्याकडे स्पर्धेला एक रीत आहे. नारळ फोडून उद्घाटन होत नाही. पाहुण्यानं एक चढाई करावी लागते. पाहुणा हार घातलेल्या अवस्थेत मध्यरेषा ओलांडतो, "कबड्डी, कबड्डी" म्हणतो, समोरचे सात खेळाडू आपण होऊन कोलमडून पडतात, पाहुणा परत येतो, लोक हसतात, शिट्ट्या वाजतात आणि स्पर्धा सुरू होते. मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. एकदा एका पुढाऱ्यानं कोणालाही हात न लावता सातही जण बाद केले होते आणि त्याचं धोतरही जागेवर राहिलं होतं.

त्या दिवशी माझी पाळी होती. समोर गावचा मुलींचा संघ, डाव्या कोपऱ्यात सुरेखा. मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाबांनी खुर्चीतून मान हलवली, नको म्हणून. सर माईकवर म्हणाले, "घाबरू नको बेटा, फक्त हात लावून ये. रीत हाय."

मी शाल सोफ्यावर ठेवली आणि गेले. सरळ गेले. वळायचं नाही हे पक्कं लक्षात होतं. मधल्या मुली हसत हसत खाली बसल्या, एक तर आधीच आडवी झाली. मी डाव्या कोपऱ्याकडे हात पुढे केला, सुरेखाच्या खांद्याला शिवायला. ती खाली वाकली. मला वाटलं, पडते आहे.

तिनं घोटा धरला.

नाटकातली पकड नव्हती ती. बोटं टाचेच्या वरच्या खाचेत बसली आणि तिनं झटका देऊन अंग मागे टाकलं. त्या क्षणी माझ्या शरीरानं तेच केलं जे इतकी वर्षं तिच्याच हातून शिकलं होतं. ते सुटण्यासाठी वळलं.

लोकांना वाटलं, कार्यक्रम रंगला. खूप शिट्ट्या वाजल्या. मी जमिनीवर होते, आणि माईकवरून सरांचा आवाज येत होता, "वा! वा! याले म्हनते पकड!"

दुसरी वेळ

पहिल्या वेळी माणूस काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे घाबरतो, दुसऱ्या वेळी ठाऊक असल्यामुळे. डॉक्टरांनी पिंढरी ओढली, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता छताकडे बघितलं. या वेळी दोरीबरोबर हाडांमधली गादीही फाटली होती. "हे खेळताना झालं?" त्यांनी विचारलं. "सत्कार घेताना," मी म्हणाले. ते हसले नाहीत. ऑपरेशन पुन्हा झालं.

मॅडम एकदाच आल्या. पलंगाजवळ उभ्या राहिल्या. "संक्रांतीनंतरच्या शिबिराला ये," त्या म्हणाल्या. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या वर्षीच्या. पूर्ण ताकदीनं पकडतील, कोणी दया करणार नाही. टिकलीस तर संघात. नाही तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. टेबलाचा रंग कोणता असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

सर आले ते सफरचंदं आणि एक फोटोवाला घेऊन. फोटो झाल्यावर म्हणाले, "खेळात असं होतेच. मन मोठं ठेवा लागते." आईनं सफरचंदं घेतली आणि फोटोवाल्याला दाराबाहेर काढलं. नंतर ती म्हणाली, "सफरचंदाचा काय गुन्हा?"

गावानं आपला निकाल देऊन टाकला होता: नजर लागली. एवढा मोठा फलक लावल्यावर लागणारच. कोणी बिब्बा घालायला सांगितलं, कोणी मोहाचं तेल. सुरेखाचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि सुरेखा आली नाही. तिचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी खिडकीपाशी पाय ताणून बसायचे, ती डोक्यावर गाठोडं घेऊन रस्त्यानं जायची, आणि आमच्या घरापाशी आली की पावलं वाढवायची.

मी तिच्याबद्दल काय काय विचार केला ते लिहीत नाही. जे पडून आहेत त्यांना वेळ किती असतो ते माहीत आहे. मी तिला मनात इतक्या वेळा जाब विचारला की तिची उत्तरंसुद्धा मीच लिहून ठेवली: चुकून झालं, सवयीनं झालं, तू माफ कर. प्रत्येक उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर तयार होतं. एवढं मात्र सांगते, रागाचा व्यायामाला उपयोग होतो. पहिल्या वेळी मी आशेवर पाय उचलत होते, दुसऱ्या वेळी रागावर. राग जास्त टिकला.

सगळे जपतात

दुसरी संक्रांत जवळ आली तेव्हा माझं धावणं, वळणं, उड्या मारणं सगळं होत होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली. उरलं होतं ते एकच: कोणीतरी पूर्ण ताकदीनं धरल्यावर काय होतं ते.

मी हैदराबादहून रजेवर घरी आले आणि शाळेच्या मैदानावर गावातल्या मुलींबरोबर सराव सुरू केला. मी चढाईला गेले की त्या मला धरायच्या, आणि मी जोर लावला की सोडून द्यायच्या.

"अगं, धरा नीट!"

"नाई ताई. तुमाले लागन."

"लागू द्या."

"आमच्या आईनं सांगतलं, ताईले हात लावजो नको."

मी रोज जिंकत होते. सगळ्यांना चुकवून, सगळ्यांना बाद करून परत येत होते, आणि घरी येताना मला कळत होतं की मी पुन्हा तीच उद्घाटनाची चढाई करते आहे. फक्त हार नाही. शिबिरात पहिल्याच खऱ्या पकडीत काय होणार, हे मला माहीत नव्हतं. गुडघ्यालाही नव्हतं. धाकधूक अशी की कोणाचा हात घोट्याजवळ आला की माझा दमच सुटायचा, 'कबड्डी' अर्ध्यावर बंद पडायचं, तरी कोणी मला बाद म्हणायचं नाही.

जिल्ह्यात एकच बाई होती जी मला न जपता धरेल. तिनं ते सिद्धही केलं होतं.

वेचणी

ती शेतात होती. कमरेला कापसाची झोळी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत.

"आली का वं," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांची तयार भाषणं मी विसरले. "काऊन धरलं?" एवढंच तोंडातून आलं.

ती पुढच्या झाडाकडे सरकली. "सर म्हणले होते."

"काय म्हणले?"

"म्हणले, मॅडम समोर बसून राहतीन. पोर्णी आली तं सोडू नको. पकड दाखव." तिनं एक बोंड काढलं, बघितलं, झोळीत टाकलं. "मी म्हणलं, सर, तिचा गुडघा हाय. तं म्हणले, तिचं तं झालंच आता. ते काई खेळत नाई. सत्कार करून तिले वाटेले लावून राह्यलो. तुहं तरी होऊ दे."

मी बांधावर बसले.

म्हणजे ती शाल, ते भाषण, 'करून ठेवलं ते कोणी पुसू शकत नाही', ते सगळं माझा हिशेब मिटवून बोललेलं होतं. ज्या माणसानं मला पहिली हूल शिकवली त्यानं मला मोडीत काढलं होतं आणि मोडीचा मान म्हणून सोफा दिला होता. तोवर मी एका हाताचा राग करत होते. तो हात ज्याच्या सांगण्यावरून पुढे आला त्याच्या मी त्याच दिवशी पाया पडले होते.

"अन् मंग? तुहं झालं?" मी विचारलं.

सुरेखा हसली. बरं हसू नव्हतं. "तुहा पाय मोडल्यावर सारे तुह्याकडं धावले. मॅडमनं नावबी नाई इचारलं मले."

"तुला माहीत होतं माझा गुडघा..."

"हाव. मालूम होतं." ती पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलली. "मी चुकून धरलं असं सांगत नाई. तू गेली, मी राह्यली. तू आली तं सोफ्यावर, मी मैदानात पडाले. पाहुण्यापुढं खोटं खोटं पडा लागते न? तुह्यापुढंबी पडाचं? मले जमलं नाई ते."

मी लिहून ठेवलेल्या उत्तरांत हे नव्हतं. याला माझ्याकडे प्रत्युत्तरही नव्हतं. माफ करावं असं वाटलं नाही. थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की त्या मैदानावर त्या दिवशी माझ्याशी खरं वागलेलं माणूस एवढं एकच होतं. या दोन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत. बसवायचा प्रयत्न मी सोडला आहे.

सरांकडे मी गेले नाही. काय विचारणार? त्यांनी चहा मागवला असता, मन मोठं ठेवायला सांगितलं असतं, आणि त्यांना मनापासून वाटलंही असतं की त्यांनी एका मुलीचं भलं करायला बघितलं.

"उद्या सकाळी मैदानावर येजो," मी सुरेखाला म्हणाले.

"कायले?"

"धराले."

तिचे हात थांबले. "पागल झाली का वं?"

"बाकी साऱ्या पोट्ट्या जपून राह्यल्या मले. शिबिरात कोणी जपत नाई. तिथं तुटण्यापेक्षा इथं तुटू दे."

"तुही माय मले जित्ती ठेवन का?"

"तिला सांगू नको."

पकड

सकाळी मैदानावर दव होतं. आम्ही दोघीच. तिनं साडीचा पदर खोचला, डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ती जागा तिचीच वाटली.

मी मध्यरेषा ओलांडली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." पाय पुढे टाकला. तिनं धरला, आणि मी ओढताच सुटला. कोंबडीचं पिल्लू धरावं तशी धरली होती मला.

"सुरे, नीट धर."

दुसऱ्यांदाही तेच. बोटं बसली, मी वळले, बोटं उघडली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती. आता तीसुद्धा गावासारखीच झाली होती. ज्या दिवशी सोडायचं होतं त्या दिवशी धरलं, आणि आज धरायला बोलावलं तर सोडत होती. मला इतका संताप आला की मी मैदानाच्या मध्यावर उभी राहून ओरडले.

"त्या दिवशी मॅडम होत्या म्हणून जोर आला काय? आता कोणी बघत नाई तं संपली का पकड? सरांनं सांगतल्याशिवाय हात चालत नाई काय तुहा?"

तिनं नाक पुसलं. चेहरा बदलला. "जास्त बोलू नको पोर्णे."

"मंग धर."

"ये."

मी गेले. हूल उजवीकडे दिली, ती हलली नाही. माझ्या सगळ्या हुली तिला पाठ आहेत. मी पाय टाकला आणि तिची बोटं टाचेच्या वरच्या खाचेत बसली, तीच, तिथेच, आणि तिनं सगळं अंग मागे टाकलं. 'कबड्डी' थांबायला आलं होतं, मी ते थांबू दिलं नाही. डोळे उघडे ठेवले. मी वळले. गुडघा वळला.

मी रेषेकडे झेपावले, पूर्ण लांब झाले, हात मातीत घासत गेला. रेषा बोटभर राहिली. तिनं मला मागे ओढलं, मग तिचं वजन माझ्या पायावर आलं, आणि दम संपला. मी बाद होते.

तशीच पडून राहिले. गुडघ्याकडे लक्ष लावलं. पऱ्हाटीचा आवाज आला नव्हता. ओढ होती, ताण होता, साधं, स्वच्छ दुखणं होतं. गुडघा जागेवर होता.

सुरेखा माझ्या पायावर आडवी, धापा टाकत. तिच्या हातात अजून माझा घोटा होता.

"दुखलं काय वं?" तिनं विचारलं. "सोडू?"

"नको," मी म्हणाले. "अजून सोडू नको."